कोरियाहून आलेल्या दोन पट्ट्या

प्रिय एरमेक,

हे पत्र तुझ्या हातात देऊन तोकोन लगेच निघून जाणार नाही. तो तुझ्यासमोर बसून राहील. त्याला उठवू नकोस, "तुला तुझी खोली नाही का रे?" म्हणून टोचूही नकोस. त्याला आबाकेंनी तसं बजावलंय, आणि आपल्या काकांचं बजावणं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. आधी दोघांसाठी चहा ठेव, दूध घालून, चिमूटभर मीठ टाकून. पिशवीत कुरुताचे खारट गोळे आहेत, तळलेले बोरसोक आहेत, ते पुढ्यात घे. मग वाच. आणि आधी शेवटचं पान उघडायची तुझी जुनी खोड आहे ना, ती आज नको. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आई माझ्या शेजारीच बसलीय, मी काय लिहितेय ते डोकावून बघतेय, आणि चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही म्हणून फणफणतेय. पण उद्या रविवारी तुला लॅपटॉपवर आईचा चेहरा दिसणार आहे, उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. त्याआधी तुला काही कळायला हवं. ते मी, तुझी थोरली बहीण, माझ्या पद्धतीने सांगणार, तू मध्ये मध्ये धावायचं नाही.

आधी लॅपटॉपचं सांगते, कारण सगळं त्याच्याभोवतीच फिरलंय. तू बिश्केकला शिकत असताना घेतलेलं ते काळं धूड! चालू करावं, गाईची धार काढून यावं, तरी पडद्यावर ते गोल आपलं फिरतंच असतं. उन्हाळ्यात तू बोलायचास तेव्हा तुझं नाक एका चौकोनात आणि तोंड दुसऱ्याच चौकोनात असायचं. आई म्हणायची, "कोरियावाल्यांनी माझ्या पोराचं काय करून ठेवलंय? जोडून तरी पाठवा म्हणावं!" तेव्हाच तू मला म्हणाला होतास, "एजे, याला मेमरी कमी पडतेय. एका वेळी दोन कामं दिली की याचा जीव गुदमरतो. मी रॅम पाठवतो, तू फक्त बसव." त्या वेळी लॅपटॉप खरंच रडतखडत चालत होता. पुढे शरदात मात्र मी तुला सांगायला लागले, की व्हिडिओ लावूच नकोस, नुसतं आवाजावर बोल, व्हिडिओ लावला की लॅपटॉप बंदच पडतो. ते खोटं होतं. माझ्या फोनचा कॅमेरा फुटला हे खरं होतं, पण गल्लीत दुसऱ्या कुणाचा फोन नव्हता का? होते. आबाके काठी टेकत घरोघरी फिरले आणि सगळ्यांना दम भरून आले, की एरमेकशी कुणी एक शब्द बोलायचा नाही. शेजारची तुझी लाडकी आयनाश, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तीसुद्धा गप्प बसली. आता बोल!

तर ऐक. बटाटे काढताना आई वाफ्यात बसली ती उठेनाच. मी बादली टाकून धावले. तिचा उजवा हात मातीत पडला होता आणि ती डाव्या हाताने तो उचलायला बघत होती, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. नारिनच्या इस्पितळात सांगितलं, अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली. थांब, एरमेक. चहा पी. तोकोन आहे ना समोर? त्याच्याकडे बघ एकदा आणि मग पुढे वाच. आता ती बरीच सावरलीय. काठी घेऊन चुलीपासून दारापर्यंत जाते. जेवते, सगळं समजतं, माझ्या स्वयंपाकाला नाकं मुरडते. हात अजून पडलेलाच आहे, पाय ओढत चालते. आणि चेहरा उजवीकडून ओघळलाय. उद्या तुला तो दिसेल.

आता मनातल्या मनात मला शिव्या घालत असशील. घाल. मी माफी मागणार नाही, माझ्या जागी तूही हेच केलं असतंस. आपल्याकडे अशी बातमी लांबच्या माणसाला वाऱ्यावर सोडून देत नाहीत. तो घरी येतो, चार वडीलधारी त्याच्या दोन्ही बाजूंना बसतात, कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं, आणि मगच तोंड उघडतात. बाबांच्या वेळी तुला असंच सांगितलं होतं ना? तू बिश्केकहून आलास आणि आबाकेंनी तुला घट्ट धरून ठेवलं होतं. सागिनच्या पोराचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. त्याच्या मावशीने फोनवर पटकन बोलून टाकलं, आणि तो तेव्हा इमारतीच्या परांचीवर उभा होता. तोल जाऊन खाली पडला, अजून पाय फरफटत चालतो. आबाकेंचं एकच म्हणणं होतं, "हा पोरगा दिवसभर पत्रा कापायच्या मशीनसमोर उभा असतो. आईचं ऐकून त्याचे डोळे भरले, तर त्याचा हात कुठे जाईल?"

मग हिवाळ्यात तोकोन भावाच्या लग्नाला आला आणि त्याच्यासोबत तुझं ते पाकीट. रॅमच्या दोन पट्ट्या, वर तुझी चिठ्ठी, "एजे, आता तुला सबब नाही." लॅपटॉप चांगला चालला तर आम्ही लपायचं कुठे? आबाकेंनी पाकीट उचललं, आईच्या पेटीत टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. त्यानंतरचा प्रत्येक रविवार मी कसा काढलाय ते माझं मला माहीत. तू विचारायचास, "बसवलीस का?" मी म्हणायची, स्क्रू निघत नाही. तू म्हणायचास, लहान पेचकस आण. मी म्हणायची, बाजाराचा रस्ता बर्फाने बंद आहे. एकदा तर तू चिडून म्हणालास, "अगं, एक झाकण काढायचं आणि पट्टी दाबायची! तू काय रॉकेट उडवणार आहेस?" मी हसले. फोन ठेवल्यावर पाठ फिरवून कांदे चिरत बसले, लागत नव्हते तरी.

आईने ते सगळं ऐकलं होतं. पेटीत काय आहे ते तिला तुझ्या तोंडूनच कळलं. त्याच आठवड्यात आम्ही तिला तपासायला नेलं, आणि इस्पितळातल्या डॉक्टरने तिच्यादेखत सांगितलं, की पुन्हा झटका येऊ शकतो, कधी ते सांगता येत नाही, आणि पुढचा सोसेलच असं नाही. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने काठीने पेटी ठोकली, उघडा म्हणाली. आबाके समजावत बसले, "अगं, पुढच्या शरदात त्याचा करार संपतोय. तेव्हा पोटभर बघ त्याला, तोही तुला बघेल, आम्ही सगळे असू." तिने विचारलं, तोवर मी नसले तर? आबाके टोपी काढून हातात फिरवत राहिले.

पेटी तिच्या माहेरची आहे, हे आबाके विसरले होते. दुसरी किल्ली तिच्या वेणीला बांधलेली असते, लहानपणी आपण ती खेचायचो ती. आबाके तोकोनच्या भावाच्या लग्नाला गेले तसं तिने डोकं माझ्यासमोर वाकवलं. मी किल्ली सोडली, पाकीट काढलं आणि घाईघाईत तिथेच बसले. तिथेच म्हणजे कुठे? शिरदाकावर! जाड लोकरीच्या नमद्यावर, लोकरीचे मोजे घालून, वर आईने विणलेला स्वेटर. हिवाळ्यात आपल्याकडे घोंगडी झटकली तरी ठिणग्या उडतात, मांजराला हात लावला तर तेही उडी मारतं, आणि मी शहाणी तिथे बसून लॅपटॉप उघडतेय. बॅटरी काढली, झाकण काढलं, जुन्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या कड्या दाबल्या तशी ती टुणकन वर आली. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच? नवी पट्टी उचलायला वाकले, मांडीखाली लोकर घासली गेली, आणि बोट पट्टीला लागताक्षणी चट्ट! निळी ठिणगी. माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

तरी दोन्ही पट्ट्या बसवल्या. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, पडदा मात्र काळाच. पुन्हा दाबलं, काळाच. नव्या काढून जुनी लावली, तरी काळाच. आई पलंगावरून बघत होती आणि मी तिच्याकडे बघायला तयार नव्हते. तेवढा एकच दरवाजा होता तिच्यासाठी आणि तो मी माझ्या हाताने बंद केला, असं वाटून मला ढसाढसा रडू आलं. तेवढ्यात आबाके लग्नाहून परतले. उघडी पेटी बघून आधी भडकले, मग काळा पडदा बघून त्यांचा चेहराच सैल झाला. म्हणाले, "जळल्या? बरं झालं. देवानेच मार्ग काढला. तसंच कळव त्याला." आणि खरं सांगू? मलाही क्षणभर सुटल्यासारखं झालं. ठिणगीने पट्ट्या जळल्या, एवढं एक वाक्य, आणि त्यात काही खोटंही नव्हतं. शरदापर्यंत कुणाला काही सांगायला नको. मी फोन हातात घेतला होता. मग आईकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. तिने तोंड भिंतीकडे केलं होतं आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होती.

मी फोन लावला, पण तुला नाही. अत-बाशीच्या बाजारात फोन दुरुस्त करणारा शार्शेन आहे ना, त्याला. तो आधी पोट धरून हसला. म्हणाला, "एजे, हिवाळ्यात शिरदाकावर? थेट मेंढीवरच बसायचं ना!" मग म्हणाला, एक मेली असेल, दोन्ही नसतील, आणि जुनी तुम्ही नीट दाबलीच नसणार. सगळ्या काढा, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, आणि एका वेळी एकच लावून बघा. तिरकी घालायची, खाच जुळवायची आणि कट्ट आवाज येईतो दाबायची. लोकर मात्र अंगावर नको, आणि आधी मोठ्या लोखंडाला हात लावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनेच सगळा कारभार हातात घेतला. मला स्वयंपाकघरातल्या लाकडी टेबलाशी बसवलं. स्वेटर काढायला लावला, मोजे काढायला लावले. बाहेर नाकातला श्वास गोठत होता आणि मी सुती झग्यात, अनवाणी! चार वेळा लोखंडी पलंगाला हात लावून आले तरी तिचं समाधान होईना. तुला आठवतं, नमदा करताना लोकर तडतडायला लागली की ती तोंडात पाणी घेऊन फुर्रकन फवारा मारायची? आपण दोघं मुद्दाम त्याखाली जाऊन उभे राहायचो. तिने भांडं उचललं, घोट घेतला आणि फुंकायला गेली. फवारा झालाच नाही. पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं, झगा भिजला. मी उठायला लागले तर तिने डोळे वटारले. पुन्हा घोट घेतला, पुन्हा तेच. मग तिने डावा हात भांड्यात बुडवला आणि माझ्या बाह्यांवर, केसांवर, जमिनीवर सपासप शिंपडलं, इतकं की मीच आईवर ओरडले, "आपा, आता लॅपटॉपच वाळत घालावा लागेल!" आणि ती हसली. अर्ध्या तोंडाने, पण तीच हसली.

पहिली पट्टी मेलेली निघाली. ती तुझी, ठिणगीवाली. दुसरी तिरकी घातली, दाबली, कट्ट झालं. बटण दाबलं. आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून वळ आहे. पडदा काळाच राहिला, राहिला, आणि मग उजळला, आणि ते सूर वाजले ना चालू होतानाचे, मी तर नाचायचीच बाकी होते. काय पळतोय रे तो! एकाच पट्टीवर! आयनाशला हाक मारली आणि पलीकडच्या खोलीत तिच्या फोनवर व्हिडिओ लावून बघितला. चित्र एकदम स्वच्छ, तिच्या नाकावरचा तीळसुद्धा. आई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली आणि आयनाशलाच तू समजून बघत राहिली.

राहिले आबाके. ते इतके संतापले की चहाही घेईनात. "दाखवाल तुम्ही. तो बघेल. आणि मग? तिथे त्याच्या शेजारी कोण बसणार आहे? कोण धरणार आहे त्याला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिथेच मला सुचलं. म्हटलं, आबाके, तोकोन कोरियाला परत चाललाय. एरमेकच्याच खोल्यांच्या माळेत राहतो तो. ते म्हणाले, "बोलाव त्याला." भाकरी समोर ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली. कामाच्या दिवशी पत्र द्यायचं नाही. शनिवारी, पाळी संपल्यावर, हातपाय धुऊन झाल्यावर द्यायचं. समोर बसायचं. रविवारचं बोलणं होईपर्यंत तुला एकटं सोडायचं नाही. बिचारा तोकोन! नवऱ्या मुलाचा भाऊ म्हणून आला होता, आबाकेंनी त्याला वडीलधारा करून परत पाठवलाय. त्याचा मान राख.

आता आई कालपासून तयारी करतेय. निळा रुमाल बांधायचा की पांढरा, यावर माझ्याशी भांडली. मी सुचवलं, आपा, तुला जरा तिरकं बसवते, डावी बाजू पुढे करून. तिने मान हलवली. सरळ बसव, म्हणाली. तू लगेच येतो म्हणशील, हे ती जाणून आहे. त्यावर तिचा निरोप असा, की यायचं की करार पुरा करायचा ते तू शांत डोक्याने ठरव, पण आधी तिला तुला डोळे भरून बघू दे.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगते. तोकोनला जरा जवळ बसव. चेहरा तर तू बघशीलच, त्याला सांगणाऱ्याची फारशी गरज नव्हती. पण शरदापासून तू दर रविवारी म्हणत आलास, आपा, तुझा आवाज बोबडा येतोय, शब्द चिकटतायत, या डबड्याला मेमरी हवी. एकदा तर तू तिच्यासारखंच ब-ब-ब करून दाखवलंस आणि हसलास. तीही हसली. उद्या चित्र स्वच्छ दिसेल, एरमेक, आणि आवाज मात्र तसाच येईल. तो लॅपटॉपचा नव्हता कधी. ती तशीच बोलते आता. ऐकू येत नाही म्हणून ओरडू नकोस, तिला सगळं ऐकू येतं. शब्द कळला नाही तर घाई न करता थांब, ती पुन्हा म्हणेल. आणि त्या ब-ब-बसाठी स्वतःला खात बसू नकोस. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली होती, माझा पोरगा अजून माझी नक्कल करतो गं. तिला ते आवडलं होतं. आता रडायचं असेल तर रड, आज रड, तोकोन आहे. उद्या तिच्यासमोर नेहमीसारखी तिची थट्टा कर.

तुझ्यावर जन्मभर ओरडत आलेली आणि पुढेही ओरडणारी, तुझीच,
साल्किन एजे